डावीकडचा पहिला

गुणवंतकाका कुठल्याही वस्तूवर आधी रुपया वाजवून बघत. आमच्या विद्यापीठाच्या कंपोझिट लॅबमध्ये त्याला कारण होतं. कार्बनच्या धाग्यांचे थर राळेत भिजवून एकावर एक रचले आणि भट्टीत भाजले की विमानाला चालेल असा हलका, कडक पत्रा तयार होतो. त्यातले दोन थर आतल्या आत सुटले असतील तर बाहेरून काही दिसत नाही, पण नाण्याने ठोकलं की आवाज बसका येतो. म्हणून आमच्या लॅबचे टेक्निकल असिस्टंट गुणवंत धारप यांच्या खिशात कायम एक नाणं असे. हळूहळू ही सवय लॅबबाहेर पसरली. ते कलिंगडावर रुपया वाजवत, शेजाऱ्यांच्या नव्या फ्रीजवर वाजवत. एकदा दिल्लीच्या मुनिरका भागातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत आले आणि भिंत ठोकून म्हणाले, "विलास बेटा, इथं प्लास्टर सुटलंय. पलंग हटव." मी हटवला. प्लास्टर अजून पडलेलं नाही, पलंग मात्र अजून दारातच आहे.

मी तिथे पीएच.डी. करत होतो आणि माझा निम्मा प्रबंध खरं तर काकांच्या हातांनी भाजलेला आहे. पण त्यांची आठवण निघाली की मला प्रबंध आठवत नाही, पालखी आठवते.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर काकांची कंबर धरली. डॉक्टरांनी मणक्यातली गादी सरकल्याचं सांगितलं. काकांना ते लगेच कळलं. "म्हणजे सँडविच पॅनेल," ते मला म्हणाले. "दोन मणके म्हणजे वरचा-खालचा पत्रा, गादी म्हणजे मधला फोम. कोअर सरकलाय यार." डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली, तेव्हा काकांनी किती वजन ते किलोन्यूटनमध्ये विचारलं. डॉक्टर म्हणाले, बिल्कुल नाही.

हे 'बिल्कुल नाही' अवघड होतं, कारण डिसेंबरात दत्तजयंती होती.

काका राहत ती सेक्टरातली सरकारी कॉलनी. क्वार्टर हेमलताकाकूंच्या नावावर. त्या सांख्यिकी मंत्रालयात होत्या. तिथल्या मराठी मंडळींचं जुनं दत्त मंडळ होतं आणि मंडळाची सागवानी पालखी होती. तिच्या दोन लांब दांड्या, प्रत्येक दांडीला चार माणसं. डाव्या दांडीवर सगळ्यात पुढे काकांचे वडील असत. स्वातंत्र्यानंतर सरकारी छापखान्यात नोकरीला म्हणून ते दिल्लीला आले, आणि पालखी झाली त्या वर्षापासून शेवटच्या आजारपणापर्यंत त्यांनी ती जागा सोडली नाही. त्यांच्यानंतर तिथे काका. काकांच्या मागे शांताराम नावाचे बुटके गृहस्थ असत. त्यांचा खांदा दांडीला कधी टेकलाच नव्हता. ते वर हात करून दांडीखालून चालत, आणि सगळे मिळून त्यांना खांदेकरी म्हणत.

मंडळात सगळे केंद्र सरकारचे नोकर, त्यामुळे भक्तीलाही सेवाज्येष्ठता लागू होती. एकदा खांदा सोडला की माणूस रांगेच्या शेवटी जाई. पुन्हा पुढे सरकायला कुणाची तरी बदली व्हावी लागे, नाहीतर कुणी तरी जावं लागे.

"गुणवंतराव, एक वर्ष विश्रांती घ्या," अध्यक्ष किरमिरेसाहेब म्हणाले. किरमिरे मंत्रालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेले. गोल, ठेंगणे, कायम जाकीट घातलेले.

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी चपला सांभाळणाऱ्या विष्णूच्या नंतर तुमचा नंबर."

घरी काकूंनी समजूत घालायचा प्रयत्न केला. मी चहाला बसलो होतो. "अहो, एक वर्ष नाही उचलली तर दत्तगुरू रागावणार नाहीत."

"दत्तगुरूंचं नाही गं. बाबांचं."

"बाबा आहेत कुठे आता रागवायला?"

"तेच तर," काका म्हणाले, आणि बशीवर रुपया वाजवत बसले. काकूंनी बशी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये शिरताना मात्र ते खूश होते. कंबर हलकी होत नसेल तर पालखी हलकी करायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

सामान लॅबमध्येच होतं. आमच्याकडे डीप फ्रीझरमध्ये राळ आधीच भरलेलं कार्बनचं कापड असे. दुधासारखी त्यालाही मुदत असते. मुदत संपली की संशोधनाला चालत नाही, टाकून द्यावं लागतं. ते पालखीला वापरायची परवानगी काकांनी सभरवाल मॅडमकडे मागितली. मॅडम लॅबच्या प्रमुख. मला वाटलं, आता आम्हा दोघांनाही बाहेर काढतील. पण मॅडमच्या प्रकल्पात एक अट होती. विमानाच्या शेपटीवरच्या या संशोधनाचा सामान्य माणसाला काय उपयोग, हे त्यांना शेवटी दाखवून द्यायचं होतं आणि दोन वर्षं त्यांना काही सुचत नव्हतं.

"पालकी!" मॅडम उभ्या राहिल्या. "गुणवंत जी, इससे सामान्य क्या होगा! बनाइए. विलास, तुम कैलकुलेशन करो."

कॅल्क्युलेशनला पहिला प्रश्न होता भाराचा. पालखीत पितळी मूर्ती बसणार, तिचं वजन किती? मी किरमिरेसाहेबांना विचारायला गेलो.

"तुम्ही देवाचं वजन विचारताय?"

"डिझाइन लोड लागतो, सर."

त्यांनी डोळे मिटले, बराच विचार केला आणि म्हणाले, "अनंत धरा."

मी अनंत धरून पाहिलं. सॉफ्टवेअर बंद पडलं. शेवटी हेमलताकाकूंनीच सोडवलं. दर वर्षी अभिषेकाला मूर्ती त्याच उचलत. "भरल्या घागरीपेक्षा थोडी हलकी," त्या म्हणाल्या. "गॅसच्या सिलिंडरपेक्षा तर खूपच हलकी." मी तसं गणितात लिहिलं. मॅडमनी तपासताना विचारलं, "ये घागर कौन-सा यूनिट है?" पण उत्तर बरोबर आल्यामुळे त्यांनी घागर तशीच राहू दिली.

मानेसरच्या एका वर्कशॉपमधून नळ्यांचे साचे आणले. दांडी भट्टीपेक्षा लांब निघाली, म्हणून दोन तुकड्यांत भाजून जोडली. काका प्रत्येक थर बाळाला दुपटं गुंडाळावं तसा गुंडाळत. पालखी तयार झाली तेव्हा ती काळी कुळकुळीत होती. काळी पालखी शुभकार्याला चालणार नाही असं मंडळातल्या बायकांनी एकमुखाने सांगितलं. मग काकूंनी पानिपतहून लाल मखमल मागवली आणि पालखीला दांड्यांसकट अंगरखा शिवला.

आम्ही ती कॉलनीच्या पार्कात नेली. मंडळ जमलं होतं. किरमिरेसाहेबांनी दांडीला हात लावला, आणि पालखी उचलली गेली. एका हाताने. दुसऱ्या हातात त्यांचा मोबाइल होता.

सगळे टाळ्या वाजवायला लागले. काकांनी रुमालाने डोळे पुसले. डावा खांदा आपोआप पुढे आला होता.

"उत्तम," किरमिरे म्हणाले. "पण मग आठ माणसं कशाला?"

टाळ्या थांबल्या.

किरमिऱ्यांनी नोकरीतली शेवटची काही वर्षं वेगवेगळ्या खात्यांतली जादा पदं शोधण्यात घालवली होती. असं काम समोर आलं की त्यांचं वय उतरत असे. "या भाराला चार माणसं पुष्कळ झाली," ते म्हणाले. "पण चौघं नकोत. चौघांनी खांदा दिला तर दिसायला बरं दिसत नाही. म्हणजे दोन. एक पुढे, एक मागे, दोन दांड्यांच्या मध्ये."

"स्ट्रेचरसारखं?" शांताराम म्हणाले.

"पुढे अध्यक्ष असावेत," किरमिऱ्यांनी ते ऐकलंच नाही. हर्नियामुळे त्यांना इतकी वर्षं नुसतं पालखीपुढे चालावं लागलं होतं. "मागे आपले नायब सुभेदार शहाजी."

शहाजी कँटोन्मेंटमधले. मूळचे साताऱ्याकडचे. दर वर्षी उजव्या दांडीवर सगळ्यात मागे असत.

"आणि मी?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला कोणी काढलेलं नाही, गुणवंतराव. डावीकडचा पहिला हे पदच रद्द झालंय."

"साहेब, पण ही पालखी मी बनवलीय यार!" काकांनी आयुष्यात पहिल्यांदा किरमिऱ्यांना यार म्हटलं.

"मंडळ आभारी आहे," किरमिरे म्हणाले.

पुढचे काही दिवस काका लॅबमध्ये कशावरही रुपया वाजवेनात. मी म्हटलं, काका, आपण जुनीच पालखी काढा म्हणू. ते म्हणाले, जुनी काढली तर आठ माणसं लागतील, पण मग माझी कंबर. नवी काढली तर कंबर राहील, पण जागा नाही. थोडक्यात, पालखी आठ जण लागतील इतकी जड हवी होती आणि काकांना वजन बिल्कुल नको होतं. असा प्रश्न मी कुठल्याही परीक्षेत पाहिला नव्हता.

प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागाला हवेने मदत केली. दुसऱ्या तालमीच्या दिवशी दिल्लीचा तो कोरडा, बोचरा वारा सुटला होता. पालखी रिकामी, वर मखमलीचं छत. किरमिरे पुढे, शहाजी मागे. वारा छतात शिरला आणि पालखीने पार्काच्या मध्यावर गिरकी घेतली. शहाजी पाय रोवून उभे राहिले. किरमिरे मात्र पालखीबरोबर फिरले आणि थांबले तेव्हा त्यांचं तोंड बाजारच्या दिशेला होतं.

"साहेब, हे काय खरं नाही," शहाजी म्हणाले. "खांद्यावर वजनच लागंना. पालखी न्हवं, चहाचा ट्रे घेऊन चाललोय असं वाटतंय. ह्याला सेवा म्हणायची?"

काकांनी संधी सोडली नाही. "साहेब, उद्या आत मूर्ती असताना असं झालं तर? देव उडून जाईल."

त्या संध्याकाळी मंडळाची तातडीची सभा झाली आणि देवाच्या सुरक्षिततेसाठी आसनाखाली वाळूच्या पिशव्या ठेवायचं ठरलं. किती वाळू, यावर वाद झाला. किरमिऱ्यांना या विषयात नियमाप्रमाणे निर्णय हवा होता, आणि नियम एकच सापडला: पूर्वापार आठ खांदेकरी आहेत. तेव्हा आठ माणसं लागतील इतकी वाळू भरावी, असं एकमताने ठरलं. रद्द झालेली सगळी पदं परत आली. जगातली सर्वांत हलकी पालखी आम्ही यमुनेच्या वाळूने भरून जुन्या पालखीइतकी जड केली.

राहिली काकांची कंबर.

"टेबलाचा एक पाय आखूड असला की काय होतं?" त्यांनी मला विचारलं.

"टेबल डुगडुगतं."

"त्या पायावर भार किती?"

"काहीच नाही." मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "काका!"

"चलो, कापड काढ."

कार्बनच्या कापडाची एक गंमत असते. धागे सरळ टाकले तर वस्तू भाराखाली नुसती वाकते. तेच धागे एकाच बाजूला तिरके टाकले तर ती वाकते आणि पिळतेही. विमानाचे पंख असे मुद्दाम पिळायला लावता येतात. माझ्या प्रबंधाचा विषयच तो होता. आम्ही डावी दांडी पुन्हा बनवली, धागे तिरके टाकून. पालखीवर भार आला की ती अशी पिळणार होती की पुढचं डावं टोक वर उचललं जाईल, आखूड पायासारखं. वाळूच्या पिशव्या उजवीकडे मागे सरकवल्या. त्या कोपऱ्यात शहाजी होते आणि त्यांना वजन हवंच होतं. मॅडमनी हे आकडे पाहिले आणि दांड्यांना भार मोजणारे सेन्सर चिकटवायला लावले. सामान्य माणूस त्यांना इतका गुंतागुंतीचा मिळेल असं वाटलं नव्हतं.

दत्तजयंतीला धुकं होतं. गुलाल, उदबत्त्या, टाळ, आणि पालखीच्या शेजारून उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेऊन चालणारा मी. माझ्यामागे शाल पांघरलेल्या सभरवाल मॅडम. लोकांना वाटलं लॅपटॉपही पूजेतला आहे. एका आजींनी त्यावर फूल वाहिलं.

काकूंनी काकांच्या डाव्या खांद्यावर उपरण्याची घडी ठेवली. "सांभाळून," त्या म्हणाल्या. मूर्ती आत बसली, गजर झाला, आठ जणांनी पालखी उचलली. काका डावीकडचे पहिले. चेहऱ्यावर अगदी वडिलांच्या फोटोतले भाव.

मी स्क्रीनवर पाहिलं. सात खांद्यांवर भार होता. म्हणजे सहा, शांताराम नेहमीप्रमाणे हात वर करून चालत होते. काकांच्या टोकाचा आकडा शून्य होता. गणित बरोबर आलं होतं आणि मी धुक्यात एकटाच हसत होतो.

पहिल्या वळणावर टाळकऱ्यांनी ठेका वाढवला. शहाजींना चेव आला. गावाकडच्या पालखीत नाचतात तसे ते गुडघे मोडून खाली बसायला आणि उसळी मारून वर यायला लागले. आम्ही गणितात देवाची घागर धरली होती, शहाजींचा चेव धरला नव्हता. ते खाली बसले की पिशव्यांसकट सगळा भार त्यांच्याकडे जाई, आणि पुढचं डावं टोक वर. शून्याच्या जागी उणे आकडे दिसू लागले. काकांनी खांद्यावरची दांडी दोन्ही हातांनी धरली. मग काखेत धरली. मग त्यांच्या टाचा सुटल्या.

"माइनस?" मॅडम माझ्या खांद्यावरून वाकल्या. "गुणवंत जी, आप उठा रहे हैं या लटक रहे हैं?"

"सेवा कर रहा हूँ, मैडम!" काका वरून म्हणाले.

बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. "अगं, धारपांना देवानं उचललं बघ." दोघीतिघींनी पुढे येऊन काकांच्या अनवाणी पायांना हात लावून नमस्कार केला. पाय हाताला सहज येत होते.

हे किरमिरेसाहेबांना सहन होईना. इतकी वर्षं पालखीपुढे चालून त्यांना देवाने इंचभरही उचललं नव्हतं. ते गर्दीतून आत शिरले. "गुणवंतराव, जरा मला द्या."

"साहेब, खांदा सोडला तर मी रांगेच्या शेवटी जाईन."

"मी अध्यक्ष सांगतोय. सोडा."

काकांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग पालखीतल्या मूर्तीकडे. आणि त्यांनी हात काढले.

डावं टोक सपकन वर गेलं. किरमिऱ्यांनी दांडीसाठी हात उंचावले, ते पुरले नाहीत. त्यांनी उडी मारली. पुन्हा मारली. जाकिटाचं बटण तुटून उडालं. शेजारी शांतारामही उड्या मारायला लागले. मूर्ती उजवीकडे कलली, गजर थांबला, आणि मागून शहाजी ओरडले, "साहेब! देव माझ्या डोक्यावर यायलाय!"

तेव्हा काकांनी डाव्या हाताने अध्यक्षांना बाजूला सारलं, टाचा उंचावून दांडी पकडली आणि आपलं सगळं अंग खाली सोडून दिलं. पालखी सावकाश सरळ झाली.

किरमिरे धापा टाकत उभे होते. त्यांना वाक्य पूर्ण करायला वेळ लागला. "हे पद," ते म्हणाले, "कायम करण्यात येत आहे. गुणवंतरावांच्या नावे."

"आणि कंबर?" मी काकांना हळूच विचारलं.

"कंबर खुली झाली रे," ते लटकत लटकत म्हणाले. "कोअर जागेवर येतोय बहुतेक."

त्यानंतर देवळापर्यंत ते असेच गेले, कधी पायांवर, कधी हवेत. मॅडमनी ते सगळं प्रकल्पात घातलं आणि सामान्य माणसाच्या रकान्यात काकांचा फोटो लावला. त्यात त्यांचे पाय जमिनीवर नाहीत.

मिरवणुकीनंतर खांदेकऱ्यांना एका रांगेत बसवून घरच्यांनी कोमट तेल लावायचं, अशी त्या मंडळाची पद्धत होती. काकांचे वडील बसत त्याच कोपऱ्यात काका बसले. सदऱ्याचं बटण सोडून डावा खांदा उघडा केला. पलीकडे शहाजींचा खांदा लालबुंद झाला होता आणि ते खुशीत तो सगळ्यांना दाखवत होते. काकांचा खांदा मात्र सकाळी होता तसाच होता. काकूंनी त्याकडे एकदा पाहिलं, वाटी खाली ठेवली आणि तळहातावर तेल घेतलं.

"अगं, तिथं नको," काका बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले. "काखेत लाव."